मणक्यात ‘गॅप’ आला, मणका सरकला : नेमकं काय झालेलं असतं?

प्रश्न थोडक्यात असा : वडील ५९ वर्षांचे. सांगली भागात द्राक्षबाग आणि घरी दोन म्हशी. तीन महिने कंबर दुखतेय, डाव्या पायात खालपर्यंत कळ जाते. एक्स-रे बघून एका डॉक्टरांनी सांगितलं, ‘मणक्यात गॅप आलाय’. शेजारच्या गावचा हाडवैद्य म्हणतो, ‘मणका सरकलाय, दोन बैठकांत बसवतो’. एमआरआयच्या कागदावर ‘एल४-एल५ डिफ्यूज डिस्क बल्ज’ आणि ‘एल५ चं पार्शल सॅक्रलायझेशन’ असं लिहिलंय. यातलं खरं काय? माणसाला मणके असतात तरी किती? मुलीच्या पुस्तकात ३३ आहेत, दुसरीकडे २६ वाचले, तिसरीकडे २४. आणि आषाढीला वडील दिंडीबरोबर चालत जायचं म्हणतायत, जाऊ द्यावं का?

आधी त्या ‘गॅप’चा निकाल लावू. मी २७ वर्षं हाडांचा डॉक्टर आहे, त्याआधी काही वर्षं शरीररचना शिकवली. ओपीडीत आठवड्याला निदान चार जण तरी हा गॅप घेऊन येतात, आणि त्यातला एक तरी विचारतो, ‘डॉक्टर, गॅप भरायचं काही औषध?’

एक्स-रेवर हाड पांढरं दिसतं. दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) मात्र एक्स-रेवर उमटतच नाही, तिच्या जागी काळसर पट्टी दिसते. अहवालात त्या पट्टीला ‘डिस्क स्पेस’ म्हणतात. तिथे रिकामी जागा कसलीच नसते, गच्च भरलेली गादी असते; फक्त ती फिल्मवर येत नाही. वय वाढतं तसं गादीतलं पाणी कमी होतं, ती चपटी होते, पट्टी अरुंद होते. मग रेडिओलॉजिस्ट लिहितो, ‘डिस्क स्पेस कमी झालेली आहे’. दवाखान्यातल्या घाईत त्याचं ‘गॅप कमी झालाय’ होतं, आणि घरी पोहोचेपर्यंत ‘कमी झालाय’ वाटेत गळून पडतं. उरतो तो नुसता गॅप. म्हणजे वडिलांच्या कमरेत काही फाकलेलं नाही. असलंच तर ते थोडं जवळ आलंय. आम्ही डॉक्टर मंडळीही हा शब्द सर्रास वापरतो, त्यामुळे सगळा दोष पेशंटच्या माथी मारता येत नाही.

आता मणका. शब्दच मण्यावरून आला आहे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी आम्हाला सीनियरकडून हाडांचा जुना संच विकत मिळायचा, त्यात मणके सुतळीत ओवलेले असायचे. हॉस्टेलच्या खिडकीला ती माळ टांगलेली असे. मण्यासारखं मधोमध भोक आहे म्हणूनच ते ओवता येतात, आणि शरीरात त्या भोकांतून सुतळीच्या जागी मज्जारज्जू जातो. आमचे एक सर तोंडी परीक्षेत कापडी पिशवीत तीन मणके टाकायचे आणि न बघता, हाताने चाचपून, मानेचा कुठला, छातीचा कुठला, कमरेचा कुठला ते सांगायला लावायचे. सुरुवातीला अशक्य वाटायचं. पंधरा दिवसांत बोटांना कळायला लागलं, कारण प्रत्येक भागातल्या मणक्याची घडण त्याच्या कामाप्रमाणे वेगळी असते.

तरी आराखडा एकच. पुढच्या बाजूला हाडाचा जाड गोलसर ठोकळा, मागे हाडाचीच कमान, आणि दोन्हींच्या मध्ये ते भोक. वजन पेलतो तो ठोकळा. कमान मज्जारज्जूला मागून झाकते. कमानीतून आजूबाजूला दोन फाटे निघतात, ते स्नायूंना धरायला. बरोबर मागे एक काटा निघतो. शिवाय कमानीवर वर दोन आणि खाली दोन गुळगुळीत चकचकीत भाग असतात, ते वरच्या-खालच्या मणक्याशी सांधे जुळवतात. त्यांना फॅसेट सांधे म्हणतात. थोडक्यात, प्रत्येक मजल्यावर तीन ठिकाणी जोड आहे : पुढे एक गादी, मागे दोन सांधे. गादी चपटी झाली की मागच्या दोन सांध्यांवर जास्त भार येतो आणि पुष्कळांची कंबर प्रत्यक्षात तिथूनच दुखते. एमआरआयच्या निष्कर्षात मात्र ठळक अक्षरांत गादीचंच नाव असतं.

पाठीवरून हात फिरवताना लागतात ती टोकं या मागच्या काट्यांची. वजन पेलणारा ठोकळा आणि ती गादी त्याच्या आत, तीन-चार बोटं खोल, जाड स्नायूंच्या पुढे असतात. हाडवैद्याचा विषय येईल तेव्हा हे अंतर आठवा.

किती मणके, याचं उत्तर तुम्ही कशाला ‘एक’ म्हणता यावर आहे. मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५, त्याखाली ५ आणि सगळ्यांत शेवटी साधारण ४. बेरीज ३३. पण माकडहाडाच्या वरचे ते ५ वयाच्या पंचविशीपर्यंत जुळून एकच त्रिकोणी हाड होतं, त्याला त्रिकास्थी किंवा सॅक्रम म्हणतात. शेवटचे ४ जुळून माकडहाड. मग हाडं मोजली तर २४ अधिक २, म्हणजे २६. सुटे, हलणारे मणके फक्त मोजले तर २४. तिन्ही आकडे बरोबर आहेत. अशी मोजणीची तऱ्हा जुनीच आहे. चरकसंहितेत शरीरात ३६० हाडं आहेत, सुश्रुत ३०० म्हणतो, आजचं पुस्तक प्रौढ माणसात २०६ धरतं. चरकाने दात-नखंही हिशेबात घेतली आहेत.

माकडहाड हा शब्द मला फार आवडतो. ग्रीकांना या हाडात कोकिळेची चोच दिसली आणि त्यांनी त्याचं नाव त्यावरून ठेवलं, कॉक्सिक्स. आपल्या लोकांना थेट शेपूट आठवलं, आणि उत्क्रांतीच्या हिशेबाने आपलेच लोक जास्त जवळ आहेत.

मानेबद्दल थोडंच सांगतो, कारण वडिलांचं दुखणं तिथे नाही. मानेतले पहिले दोन मणके इतर कुणासारखेच नाहीत. पहिल्याला पुढचा ठोकळाच नाही, नुसती कडी आहे, तिच्यावर कवटी टेकते. दुसऱ्याला वर दातासारखा खुंटा आहे आणि त्या खुंट्याभोवती पहिला मणका गोल फिरतो. ‘हो’ म्हणून मान हलवता ती हालचाल कवटी आणि पहिल्या मणक्याच्या मध्ये होते, ‘नाही’ म्हणता ती पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये. मान वळवण्याचं जवळजवळ निम्मं काम ही एकटी जोडी करते. (आपली ती ना हो ना नाही अशी मान डोलावण्याची पद्धत कुठल्या सांध्यात बसवायची, हा प्रश्न मला एका विद्यार्थ्याने विचारला होता. मी विषय बदलला होता.) या दोघांच्या मध्ये गादी नसते, कवटी आणि पहिल्याच्या मध्येही नसते. म्हणून मणके सुटे २४ असले तरी गाद्या २३, त्यातली शेवटची कमरेचा पाचवा मणका आणि त्रिकास्थी यांच्यामध्ये. मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जे हाड ठळक उठून दिसतं ते बहुतेकांत सातव्या मणक्याचं टोक. उंदराला सात, जिराफाला सात, आपल्यालाही सात. सस्तन प्राण्यांत अपवाद मोजकेच, त्यात स्लॉथ आहे.

छातीच्या १२ मणक्यांना बरगड्या जोडलेल्या, त्यामुळे तो भाग पिंजऱ्यासारखा ताठ. त्याखाली कंबर मोकळी. ताठ भाग संपून मोकळा भाग जिथे सुरू होतो, तिथे, म्हणजे छातीचा बारावा आणि कमरेचा पहिला मणका, उंचावरून पडल्यावर सगळ्यांत जास्त मोडतात. कोकणात आंबे, नारळ, सुपारी काढताना पडलेली माणसं मी याच मोडीसह पाहिली आहेत. हाडं ठिसूळ झालेल्या आजीचा मणका तर नुसतं धपकन बसल्याने पुढून चेपतो आणि ती दोन महिन्यांत वाकते. घरच्यांना वाटतं, वय झालं. असो.

कमरेचे पाच मणके आकाराने सगळ्यांत मोठे, कारण डोकं, हात, धड असं सगळं वजन त्यांच्यावर. इथले फॅसेट सांधे नमस्काराला जोडलेल्या तळव्यांसारखे उभे असतात. तळवे तसेच जोडून वर-खाली सरकवून बघा, सहज सरकतात. आता एक तळवा दुसऱ्याभोवती वळवायचा प्रयत्न करा, अडतो. कंबर पुढे-मागे वाकायला बनली आहे, वळायला नाही. कमरेतल्या एकेका मजल्यावर वळण जेमतेम एक-दोन अंशांचं. आपण ‘कमरेतून वळतो’ असं जे वाटतं ते बरंचसं खुब्यांतून आणि छातीच्या मणक्यांतून होत असतं.

याचा वडिलांच्या कामाशी सरळ संबंध आहे. गादीची बाहेरची कडा १५ ते २५ थरांची असते. प्रत्येक थरातले तंतू तिरके, आणि पुढच्या थरात उलट्या दिशेने तिरके, टायरमधल्या धाग्यांसारखे. आत मऊ, पाणीदार गर. नुसता वरून दाब आला तर गर सगळीकडे सारखा दाब देतो आणि सगळे थर मिळून तो पेलतात. पण वळलात की एका दिशेचे थर ताणले जातात आणि उलट्या दिशेचे सैल पडतात, म्हणजे निम्म्या भिंतीवरच काम चालतं. त्यात वाकलेले असाल तर गर मागच्या कडेकडे ढकलला जातो. आता द्राक्षाचा भरलेला क्रेट वाकून उचलायचा आणि पाय न हलवता वळून ट्रॉलीत ठेवायचा, ही हालचाल डोळ्यासमोर आणा. गादी बिघडवण्याचा याहून पक्का मार्ग मला तरी माहीत नाही. बागायतदारांना मी एवढंच सांगतो : वजन हातात असताना आधी पाऊल वळवा, मग अंग.

आल्फ नाकेमसन या स्वीडिश सर्जनने १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या कमरेच्या गादीत सुई घालून दाब मोजला. आडवं पडल्यावर सगळ्यांत कमी, उभं राहिल्यावर जास्त, आणि पुढे झुकून बसल्यावर उभं राहण्यापेक्षाही जास्त. ‘दिवसभर तर बसूनच असतो, तरी कंबर का दुखते’ म्हणणाऱ्या ऑफिसातल्या मंडळींना उत्तर मिळालं असेल.

गादीची दुसरी गोष्ट अशी की मोठ्या माणसात तिला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. शरीरातला रक्तवाहिन्यांविना असलेला हा सगळ्यांत मोठा भाग. वरच्या-खालच्या मणक्यांच्या पृष्ठभागांतून झिरपून जे येईल त्यावर ती जगते. दिवसभराच्या भाराने तिच्यातलं थोडं पाणी बाहेर जातं, रात्री आडवं झाल्यावर परत शोषलं जातं. म्हणून सकाळी उठल्यावर माणूस संध्याकाळपेक्षा एक-दोन सेंटिमीटर उंच असतो. पोलीस भरतीला निघालेल्या, उंचीत अर्ध्या सेंटिमीटरने अडणाऱ्या पोरांना मी ‘रात्री नीट झोप आणि सकाळी लवकर रांगेत जा’ असं सांगतो, त्यात फसवणूक काही नाही. याची दुसरी बाजू म्हणजे पहाटे गादी पाण्याने फुगलेली, ताठ असते. उठल्याउठल्या खोल वाकून गोठा झाडणं, शेणाच्या पाट्या उचलणं तिला तेव्हा सगळ्यांत महाग पडतं. म्हशींची कामं पहिल्या तासाभरानंतर ढकलता आली तर बघा. धार काढायला हरकत नाही, पण कंबर गोल करून बसण्याऐवजी छोटं स्टूल घ्या.

आता कळ पायात का जाते. सगळ्यांत घाबरवणारं वाक्य असतं ‘मज्जारज्जू दबलाय’. वडिलांच्या बाबतीत ती भीती काढून टाका, कारण एल४-एल५, म्हणजे कमरेचा चौथा-पाचवा मणका, यांच्या पातळीला मज्जारज्जू नसतोच. गर्भाच्या तिसऱ्या महिन्यापर्यंत तो पूर्ण नळी भरून असतो, पण पुढे कणा वेगाने वाढतो आणि रज्जू मागे पडतो. जन्मताना त्याचं टोक कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी असतं, मोठ्या माणसात पहिल्या-दुसऱ्यापाशी. त्याखाली नुसत्या नसांचा झुबका लोंबतो, जुन्या शरीररचनाकारांनी त्याला घोड्याचं शेपूट म्हटलं. सिझेरियनला पाठीत इंजेक्शन देतात ते याच सुरक्षित जागेत. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेघ मनात ओढली की ती चौथ्या मणक्याच्या आसपास जाते. भूलतज्ज्ञ त्यावरून जागा शोधतात. आणि हो, ‘तेव्हाच्या त्या इंजेक्शनपासून माझी कंबर गेली’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते, पण त्या सुईमुळे कायमची कंबरदुखी मागे लागते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. बाळ कडेवर घेणं, वाकून दूध पाजणं, झोपमोड, यांच्याकडे मात्र कुणी बोट दाखवत नाही.

प्रत्येक मजल्यावरून डावी-उजवी अशी नसांची एक जोडी बाहेर पडते, एकूण ३१ जोड्या. गादीच्या मागे मधोमध एक अस्थिबंध खाली जातो. कमरेत तो अरुंद होतो, त्यामुळे गादी फुगली किंवा फाटली तर मधून न येता बाजूच्या कोपऱ्यातून येते, आणि त्याच कोपऱ्यात नस असते. इथे एक खुबी आहे जी कळली की रिपोर्ट वाचता येतो. एल४ ची नस चौथ्या मणक्याखालून वरच्या वर बाहेर पडते, ती गादीच्या पातळीला आलेली नसते. खालच्या मजल्याकडे निघालेली एल५ ची नस मात्र त्या गादीच्या कोपऱ्यावरून जाते. म्हणून एल४-एल५ ची गादी बहुधा एल५ ची नस पकडते. त्या नसेची कळ कुल्ल्यातून मांडीच्या आणि पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागात, अंगठ्याकडे जाते. एक मजला खालची गादी असेल तर एस१ ची (त्रिकास्थीतली पहिली) नस, आणि कळ टाचेकडे, करंगळीच्या बाजूला. पायात जाणाऱ्या या कळेचं कारण फाटलेली गादी असू शकते हे वैद्यकाला ठामपणे कळलं १९३४ मध्ये, बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघा सर्जनांच्या लेखातून. त्याआधी सायटिका (हीच पायातली कळ) म्हणजे थंडी, वात, सूज, जे सुचेल ते.

घरी एक करून बघा. वडिलांना उताणं झोपवून दोन्ही पायांचे अंगठे डोक्याकडे खेचून धरायला सांगा आणि तुम्ही बोटाने खाली दाबा. डावा अंगठा उजव्यापेक्षा सहज खाली जात असेल तर एल५ ची ताकद कमी आहे. मग टाचांवर दहा पावलं चालवा, त्यानंतर चवड्यांवर. आणि विचारा, चालताना डाव्या पायातली चप्पल नकळत निसटते का. हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, कारण अशक्तपणा माणसाच्या लक्षात यायच्या आधी चपलेच्या लक्षात येतो.

सॅक्रलायझेशनचं असं, की कमरेचा पाचवा मणका जन्मतःच खालच्या त्रिकास्थीशी थोडा जुळलेला आहे. हा आजार नाही, घडणीतला फरक आहे, आणि अशा कमी-जास्त जुळणीची माणसं दहांत एखादं तरी सापडतं. उलटही होतं, त्रिकास्थीचा वरचा मणका सुटा राहतो आणि कमरेचे सहा मोजले जातात. म्हणजे ३३ चा तो पाठ केलेला आकडाही सगळ्यांना लागू पडत नाही. पण वडिलांच्या कागदावर ही दोन वाक्यं शेजारी आली हा योगायोग नसावा. जुळलेल्या मजल्यावर हालचाल कमी, त्यामुळे त्याची गादी वाचते आणि वरच्या एल४-एल५ ला जास्त राबावं लागतं. ती आधी थकते.

यातून एक धोका उभा राहतो आणि तो कागदावर क्वचितच लिहिलेला असतो. पाचवा मणका अर्धा जुळलेला असला की कुणी त्याला पाचवा मोजतो, कुणी त्रिकास्थीचा पहिला. मग एकाच गादीला दोन रिपोर्टांत दोन नावं मिळतात. माझ्याकडे एक गृहस्थ दोन सेंटरचे एमआरआय घेऊन आले, एकात एल४-एल५, दुसऱ्यात एल५-एस१, आणि त्यांची समजूत झाली की आठ महिन्यांत दुसरी गादीही गेली. गादी तीच होती. तेव्हा इंजेक्शन किंवा ऑपरेशनची वेळ आलीच, तर मजले कुठून मोजलेत हे डॉक्टरांना विचाराच. मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून खाली मोजणं सगळ्यांत खात्रीचं. हा प्रश्न विचारल्याबद्दल चांगला सर्जन रागावत नाही.

‘मणका सरकला’ हे कधी खरं असतं? असतं, पण त्याचं नाव वेगळं : स्पॉन्डिलोलिस्थेसिस. वरचा मणका खालच्याच्या तुलनेत पुढे सरकतो. एक तर कमानीतला अरुंद भाग, वरच्या आणि खालच्या सांध्याच्या मधला, तुटलेला असतो. वेगवान गोलंदाजांच्या कमरेतले स्ट्रेस फ्रॅक्चर बहुधा याच जागी होतात, कारण चेंडू टाकताना कंबर मागे वाकवून झटक्यात वळते. २०१९ मध्ये जसप्रीत बुमराहला कमरेच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे बाहेर बसावं लागलं होतं ते आठवत असेल. नाहीतर पन्नाशीनंतर, बायकांमध्ये जास्त, सांधे झिजून एल४ पुढे घसरतो. दोन्ही गोष्टी उभ्याने, बाजूने काढलेल्या साध्या एक्स-रेवर दिसतात आणि रिपोर्टात लिहिल्या जातात. वडिलांच्या कागदावर तसं काही नाही. म्हणजे त्यांचा मणका जागेवर आहे.

मग हाडवैद्य दाबतो तेव्हा ‘कट्’ आवाज येतो तो कशाचा? फॅसेट सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होण्याचा. बोटं मोडताना येतो तोच. त्याने कधीकधी आखडलेले स्नायू सैल होतात, तात्पुरतं बरंही वाटतं, ते मी नाकारत नाही. आमच्याकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ लावून घ्यायची चाल होती. माझ्या आजीचा त्यावर पूर्ण विश्वास होता आणि उसण जायचीही, कारण साधी उसण लाथ लावा न लावा चार-सहा दिवसांत जातेच. पण तीन-चार बोटं खोल असलेली गादी मागून काट्यावर दाबून आत ‘बसत’ नाही. नस आधीच कोपऱ्यात अडकलेली असताना कंबर पिळून झटका देणं म्हणजे त्या निम्म्या थरांवर पुन्हा घाव. ज्याला पायात कळ आहे त्याने हाडवैद्याकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘बल्ज’ या शब्दाने किती घाबरायचं? २०१५ मध्ये तीन हजारांवर माणसांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ही सगळी माणसं पाठीचं काहीही दुखत नसलेली. विशीतल्यांत ३० टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या होत्या, ऐंशीतल्यांत ८४ टक्क्यांच्या. एकोणसाठीच्या शेतकऱ्याचा एमआरआय ‘स्वच्छ’ आला असता तर मला जास्त नवल वाटलं असतं. बल्ज कागदावर आहे म्हणून तोच दुखतोय असं नसतं; कळेचा मार्ग, अंगठ्याची ताकद आणि फोटोतली नस ही तिन्ही एकाच मजल्याकडे बोट दाखवत असतील तरच तो गुन्हेगार. डावीकडची कळ आणि बल्ज उजवीकडे, असंही मी पाहिलंय. आणि खरोखर फाटून बाहेर आलेली गादीसुद्धा पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप आक्रसते. मोठा तुकडा छोट्यापेक्षा जास्त. पायातली कळ बहुतेकांत सहा ते बारा आठवड्यांत उतरते. वडिलांचे तीन महिने झालेत, म्हणून एकदा प्रत्यक्ष तपासणी हवीच, पण ती ऑपरेशनची घाई करण्यासाठी नाही.

घाई कुठे करायची ते सांगतो. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर झाला, दोन्ही पाय लुळे वाटायला लागले, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलला न्या. घोड्याचं शेपूट म्हटलं तो सगळा झुबका दबल्याची ती खूण, आणि त्यात तास मोजावे लागतात. पाऊल लटकं पडत असेल तर दोन-चार दिवसांत दाखवा. आणि रात्री झोपेतही कमी न होणारं दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं असं असेल तर टीबीचा विचार. लंडनच्या पर्सिव्हल पॉटने १७७९ मध्ये कण्याचं कुबड आणि पायांचा लुळेपणा यांचं वर्णन केलं, आजही मणक्याच्या टीबीला त्याच्या नावाने ओळखतात, आणि आपल्याकडे तो अजून भरपूर आहे. गादीच्या दोन्ही बाजूंचे ठोकळे तो पोखरतो. ‘गॅप’ म्हणून सहा महिने मलम चोळलेला टीबी मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलाय. तो गोळ्यांनी बरा होतो, फक्त त्या पूर्ण मुदत घ्याव्या लागतात.

आता दिंडी. चालणं हा कमरेचा शत्रू नाही. भार पडणं-सुटणं यावरच गादीचं पोषण चालतं. आजपासून रोज चालायला लावा, आधी दोन किलोमीटर, सोसेल तसं वाढवत. कळ कमरेकडे वर सरकत असेल, म्हणजे पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात, तर कंबर थोडी दुखली तरी चालेल, सुधारतंय. कळ उलट खाली पावलाकडे उतरत असेल तर तिथेच थांबा. आणखी एक लक्ष ठेवा. ठरावीक अंतर चालल्यावर दोन्ही पाय जड होतात, भरून येतात, आणि कडेला उकिडवं बसलं की दोन मिनिटांत हलके होतात, असं होतंय का? तसं असेल तर नसांची नळी अरुंद झाली आहे. पुढे वाकल्यावर ती थोडी उघडते म्हणून बसल्यावर आराम पडतो. अशा माणसाला सायकल चालते, पण घाट उतरणं जड जातं, कारण उतारावर कंबर मागे झुकते. मग त्यांना पूर्ण वाट चालवू नका, चढाचे आणि सपाटीचे टप्पे चालू द्या आणि उताराला दिंडीच्या गाडीत बसवा. गाठोडं आधीपासूनच ट्रकमध्ये. आणि अंगठ्याची ती परीक्षा निघायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा एकदा करा. डावा अंगठा तेव्हाही खाली जात असेल तर या वर्षी वाखरीपर्यंत एसटीने जाऊन शेवटचा टप्पाच चालावा.